बारा हजार वाचवायचा मेसेज आणि मागच्या चाकातलं ऑइल

कळंबोलीत सध्या ज्याच्या त्याच्या फोनवर एक मेसेज फिरतोय, सोबत दोन मिनिटांचा व्हिडिओ. “गॅरेजवाले ट्रकचे लायनर बदलायचे पंधरा हजार उकळतात, सामान येतं तीन हजारात, एक जॅक, एक पाना सेट आणि एक रविवार, बारा हजार खिशात.” मला तो सात जणांनी पाठवला, त्यात एक माझा सख्खा मेहुणा, ज्याने आयुष्यात स्कूटरचा प्लगसुद्धा काढलेला नाही.

आधीच सांगतो, मी गॅरेजवाला नाही. दोन गाड्या आहेत, एक सहाचाकी, एक दहाचाकी, तळोजा, उरण, चाकण असं चालतं. फिल्टर, बेल्ट, ग्रीसिंग, लाइटची कामं मी स्वतः करतो, हात काळे करायची लाज नाही. पण मेसेजात पुढे ब्रेकबद्दल जे मुद्दे दिलेत ते वाचून राहवेना, म्हणून एकेक घेतो.

“ब्रेक म्हणजे काय, चार नट-बोल्ट.” बरं. चाकाबरोबर फिरतो तो ड्रम, त्याला आतून दाबून थांबवतात ते शू, आणि शूवर मारलेला घासणारा थर म्हणजे लायनर. मग मला सांगा, मागचा ड्रम निघतो कधी? शू आत घेतले तर. आणि शू आत जाणार कधी, तर हँडब्रेक सुटलेला असेल तेव्हा, कारण हवेच्या ब्रेकवाल्या गाडीत हँडब्रेक म्हणजे मागच्या चाकांचे तेच शू, फक्त हवेऐवजी स्प्रिंगने दाबलेले. म्हणजे ज्या क्षणी तुम्ही ड्रम ओढायला खाली बसता त्या क्षणी गाडीला कुठलाच ब्रेक नसतो, ती फक्त तुम्ही चाकाखाली काय लावलंय त्यावर उभी असते. व्हिडिओतल्या भाऊने काय लावलंय ते थांबवून बघा. पुढच्या चाकाला अर्धी वीट, जॅक कच्च्या मातीवर, घोडी, म्हणजे एक्सलखालचा लोखंडी स्टँड, नाहीच. आपल्याकडे पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची माती कशी असते ते मी सांगायला नको. दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, पक्की जमीन आणि एक्सलखाली घोडी, एवढं नसेल तर नट ढिला करू नका. आणि हो, टायर-रिम मिळून शंभर किलोच्या आसपास, ड्रम पन्नासच्या पुढे, आणि काही गाड्यांत तर ड्रमच्या आधी आख्खा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग, काढावा लागतो, म्हणजे परत बसवताना बेअरिंगचं सेटिंग आलं, ते जास्त टाईट झालं की जळतं आणि ढिलं राहिलं की चाक डुलतं.

पुढचा मुद्दा वाचून मात्र मी खरंच घाबरलो. “बूस्टरमधून हवा लीक होत असेल तर पट्ट्याचे बोल्ट काढून डायफ्राम घरीच बदला, दोनशे रुपयांचं काम.” मागच्या बूस्टरला, म्हणजे आपण चेंबर म्हणतो त्या हवेच्या डब्याला, दोन भाग असतात, आणि डायफ्राम म्हणजे आतला रबरी पडदा, जो हवेने ढकलला जातो. पुढच्या भागात पायाचा ब्रेक, मागच्या भागात ती हँडब्रेकची स्प्रिंग, आणि ती स्प्रिंग जवळपास एक टन जोर घेऊन दाबून बसवलेली असते, गाडी बंद असू दे नाहीतर हवेची टाकी रिकामी असू दे, तिचा जोर तिथेच असतो, उलट हवा नसली की जास्त मोकळा. मागचा पट्टा उघडला की ते झाकण तोफेच्या गोळ्यासारखं सुटतं. माणसं मेलीत यात. म्हणूनच बऱ्याच चेंबरवर कंपनी स्वतः लिहून देते की उघडू नका, किंवा तो भाग उघडताच येणार नाही असा बंद करून देते. पुढच्या भागाचा डायफ्राम बदलता येतो, पण त्याआधी लांब बोल्ट घालून स्प्रिंग आखडून धरावी लागते, आणि व्हिडिओत तो बोल्ट एकदाही दिसत नाही. मेसेज लिहिणाऱ्याला चेंबरचे दोन भाग असतात हे तरी माहीत होतं का, शंकाच आहे.

“लायनर कुठलाही चालतो, स्वस्तातला घ्या, आणि ज्या चाकाचा झिजला तेवढाच बदला.” लायनरच्या कडेला छापलेली अक्षरं असतात, त्यातली शेवटची दोन बघा, पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. ई म्हणजे घर्षणांक पाव ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. आता डाव्या चाकाला एफएफ आणि उजव्याला तापल्यावर ई होणारा लावला तर तुर्भे नाक्यावर काही कळणार नाही, घाटाच्या शेवटच्या वळणावर स्टिअरिंग हातातून ओढलं जाईल. म्हणून बदलायचे तर एका एक्सलचे दोन्ही बाजूंचे, एकाच मेकचे, एकाच ग्रेडचे. जुन्या आणि स्वस्त लायनरच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकतं, त्यामुळे व्हिडिओत ड्रममध्ये हवा मारून तोंडावर धूळ उडवलीये तसं तर अजिबात करू नका, ओल्या फडक्याने पुसा.

“ड्रमला हात लावायची गरज नाही.” इथे माझीच फजिती सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी मीसुद्धा असाच रविवार गाठून सहाचाकीच्या मागच्या डाव्या चाकाला हात घातला होता, शू बाहेरून लायनर मारून आणले होते, म्हणजे रिव्हेटचं काम तरी दुकानातच झालं होतं. ड्रम निघाला तेव्हा जुने शू काळे, ओले, काचेसारखे चकचकीत, बोट लावलं तर चिकट, वास एक्सलच्या हाउसिंगमधल्या ऑइलचा. मी काय केलं? पेट्रोलने ड्रम पुसला, नवे शू घातले, ब्रेक झकास लागला, बायकोला सांगितलं बघ किती वाचवले. तीन आठवड्यांनी घोडबंदरला गायमुखच्या उतारावर गाडी उजवीकडे ओढायला लागली, डावीकडचा ब्रेक लागतच नव्हता. पुढे टँकर होता, कसाबसा खालच्या गिअरमध्ये टाकून सावरलं. उघडल्यावर तेच, शू परत भिजलेले. ऑइल बाहेर येऊ न देणारा हबचा ऑइल सील गेला होता, लायनर बिचारा फक्त भिजत होता. मिस्त्री म्हणाला, “शेठ, छपरातून पाणी गळतंय आणि तुम्ही लादी पुसताय.” ड्रम मापला तर तोही झिजून हद्दीच्या पलीकडे गेलेला. बहुतेक ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या आत असेल तर लेथवर चरे काढून ओव्हरसाइज, म्हणजे जाड, लायनर मारतात, पलीकडे गेला की भंगार. ते मापायला मोठं कॅलिपर लागतं, जे माझ्याकडे तेव्हा नव्हतं आणि आजही नाही.

बारा हजाराचा हिशोब इथेच फसतो, कारण त्यात सील नाही, ड्रमचं लेथकाम नाही, रिटर्न स्प्रिंग आणि रोलर नाहीत, शू बाहेर ढकलणाऱ्या कॅमचा बुश नाही. मिस्त्रीच्या बिलात हे सगळं दिसतं आणि आपल्याला वाटतं लुटलं.

“ब्रेक कमी लागतोय? स्लॅक टाईट मारा.” स्लॅक म्हणजे चेंबरचा रॉड आणि कॅम यांना जोडणारा दांडा, त्यावर शू आणि ड्रममधलं अंतर सेट होतं. अर्धं खरं आहे म्हणून जास्त धोक्याचं. साधा हाताचा स्लॅक असेल तर मीही करतो, शू टेकेपर्यंत टाईट, मग पाव ते अर्धा आटा ढिला. पण आताच्या गाड्यांना बहुतेक ऑटो स्लॅक असतो, तो स्वतःच सेट होतो, आणि तो सेट होत नसेल तर एकतर तो गेलाय नाहीतर कॅमचा बुश झिजलाय, तुम्ही पाना मारून फक्त आठवडाभर ते झाकता, आणि पुन्हापुन्हा उलटा फिरवलात तर आतला क्लच पण घालवता.

यात अंतराचा हिशोब महत्त्वाचा आहे, तो कोणी सांगत नाही. ३० नंबरच्या (नंबर काय ते पुढे सांगतो) साध्या चेंबरचा स्लॅकला ढकलणारा रॉड जास्तीत जास्त अडीच इंच बाहेर येतो, दोन इंचाच्या पुढे येत असेल तर तो ढिला धरायचा. अर्धा इंच शिल्लक आहे की, असं वाटतं ना? आता चाकणवरून माल भरून खंडाळ्यातून खाली या. २८.५ टनांची दहाचाकी पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा जिरवावी लागते तेवढ्यात चारशे लिटर पाणी उकळेल. इंजिनने आणि एक्झॉस्ट ब्रेकने त्यातली बरीच खाल्ली नाही तर ती सगळी ड्रममध्ये. (डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणारे, तुमच्याशी मला बोलायचंच नाही.) ४१० मिमीचा ड्रम तीनशे अंशांनी तापला की व्यास मिलीमीटरभर वाढतो, आणि शूला ते अंतर भरायला चेंबरच्या रॉडला आणखी सेंटीमीटरभर पुढे यावं लागतं. वर दोन इंच होते ते खाली येईपर्यंत अडीचच्या तोंडाशी. रॉड संपला, पाय तळाला, गाडी चाललीच आहे.

आता अपग्रेडवाले. “२४ च्या जागी ३० नंबरचा बूस्टर लावा, ब्रेक डबल.” हा नंबर म्हणजे डायफ्रामचं चौरस इंचातलं क्षेत्रफळ, म्हणजे सात बारला साधारण अकराशे किलोऐवजी साडेतेराशे किलोचा जोर. डबल कुठून झाला? पाव पट वाढला, आणि तोही त्याच एका एक्सलवर, जिथलं लायनर, कॅम, स्लॅक कंपनीने २४ धरून दिलंय. रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर तेच चाक आधी लॉक होणार. त्यात पुढचा मुद्दा “एबीएसची वायर काढा, ब्रेक जोरात लागतो”, म्हणजे आगीत रॉकेल. एबीएस म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, ती चाक लॉक व्हायला लागलं तरच हवा सोडते, एरवी मधे येत नाही. २०१५ पासून नवीन मोठ्या ट्रकना एबीएस सक्तीचं झालं ते उगाच नाही. एबीएसचा लाइट पेटत असेल तर बऱ्याचदा हब काढून बसवताना चाकाचा वेग मोजणारा सेन्सर त्याच्या रिंगपासून लांब राहिलेला असतो, एवढंच. आणि ड्रम काढून डिस्क किट लावायचं म्हणाल तर एक्सलपासून रिमपर्यंत सगळं बदलतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, अपघात झाला तर इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न तोच विचारणार. सोडा.

गॅरेजवाले लुटतात का? काही लुटतात. मला एकदा न बदललेल्या स्प्रिंगचे पैसे लावले होते. म्हणून मी जुने पार्ट मागतो, ड्रमचं माप समोर घ्यायला लावतो, काम चालू असताना स्टूल टाकून बसतो, आणि गाडी हातात आली की शंभर किलोमीटरच्या आत चाकाचे नट परत टाईट करून घेतो.

आणि रविवार मी मोकळा ठेवतोच. हवेच्या टाकीत साचलेलं पाणी काढतो, पाण्याबरोबर ऑइल यायला लागलं तर कॉम्प्रेसर बघायची वेळ झाली असं समजतो. इंजिन बंद करून पोराला ब्रेक दाबून धरायला लावतो आणि हवेच्या प्रेशरचा काटा खाली येतोय का बघतो, येत असला तर जॉइंटवर साबणाचं पाणी. मग चाकांना ठोकळे, हँडब्रेक सोडायचा, रॉडवर चेंबरच्या तोंडाशी खडूची रेघ, पोराने ब्रेक दाबला की टेप लावायचा. गेल्या रविवारी दहाचाकीच्या मधल्या एक्सलचा उजवा दीड इंच आला आणि डावा सव्वादोन. मी पाना उचललाच नाही, सोमवारी सकाळी गाडी मिस्त्रीकडे लावली. कॅमचा बुश गेला होता. मजुरीवरून घासाघीस झालीच, आणि मेहुण्याला बिलाचा फोटो पाठवलाय, अजून रिप्लाय नाही.