जुने लिनक्स, नवे मेमरी कार्ड आणि ‘फॉरमॅट मारा’चा सल्ला

गणपतीला चाकरमानी गावी आले की मोबाइलमधली कार्डे आणि पेन ड्राइव्ह वाडीतल्या वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा एखाद्या आंबा व्यापाऱ्याच्या जुन्या संगणकाला लावले जातात, आणि नेमका त्याच सुमारास कोकणातल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : जुने लिनक्स (विंडोजसारखीच संगणक चालवणारी मोफत प्रणाली) पेन ड्राइव्ह ओळखतच नाही, ओळखत असेल तर खाऱ्या हवेने पोर्ट गेलेला असतो, पोर्ट ठीक असेल तर पेन ड्राइव्हला फॉरमॅट मारावा किंवा टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘७७७’ची (सर्वांना सगळे काही करू देणारी) परवानगी द्यावी, आणि एवढ्यानेही भागले नाही तर मशीन भंगारात काढावे. यातले एक विधान अर्धवट खरे आहे, बाकीची चुकीची आहेत आणि एक तर सरळ नुकसान करणारे आहे.

पहिल्या विधानापासून सुरुवात करू. यूएसबी साठवणूक हाताळण्याची सोय लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, २००१ सालच्या २.४ या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे २०१० किंवा २०१४ सालचे लिनक्स ‘पेन ड्राइव्ह ओळखत नाही’ असे म्हणण्याला आधार नाही. खरी अडचण उपकरण ओळखण्यात नसून त्यावरची मांडणी, म्हणजे फाइल सिस्टिम, वाचण्यात असते. ३२ जीबीपर्यंतची कार्डे आणि पेन ड्राइव्ह बहुधा फॅट३२ मांडणीत येतात आणि जुनी लिनक्स ती सहज वाचतात. त्याहून मोठ्या एसडीएक्ससी कार्डांसाठी मात्र एक्सफॅट ही मांडणी प्रमाण ठरलेली आहे. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली, पण तिचे तपशील ऑगस्ट २०१९ मध्येच खुले केले. त्यानंतर नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ कर्नलमध्ये तिचा पहिला, कच्चा ड्रायव्हर (ती वाचण्याची सोय करणारा भाग) आला आणि २०२० च्या ५.७ कर्नलमध्ये सॅमसंगने लिहिलेला अधिक चांगला ड्रायव्हर त्याच्या जागी बसला. त्याआधीच्या उबुंटू किंवा डेबियन या लिनक्सच्या प्रकारांत जुना ८ जीबीचा पेन ड्राइव्ह उघडतो आणि १२८ जीबीचे नवे कार्ड ‘एक्सफॅट हा प्रकार अनोळखी आहे’ अशा अर्थाची सूचना देऊन थांबते, यात मशीनचा किंवा कार्डाचा काहीही दोष नसतो.

यावरचा उपाय साधा आहे. ‘एक्सफॅट-फ्यूज’ आणि ‘एक्सफॅट-युटिल्स’ ही दोन पॅकेजे, म्हणजे सॉफ्टवेअरचे तयार संच, बसवली की उबुंटू १६.०४ सारखी जुनी आवृत्तीही अशी कार्डे वाचू लागते. गावात रेंज नसते ही खरी अडचण आहे, पण जिथे थोडी तरी रेंज मिळते तिथे मोबाइल यूएसबी केबलने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला देता येते. तेही शक्य नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी जाऊन पॅकेजच्या फाइली फॅट३२ च्या लहान पेन ड्राइव्हवर आणाव्यात, मात्र त्या आपल्याच आवृत्तीच्या आणि आपल्याच ३२ किंवा ६४ बिट प्रकारच्या असल्या पाहिजेत. डेबियनच्या मुदत संपलेल्या आवृत्त्यांची पॅकेजे नेहमीच्या सर्व्हरवरून हलवून डेबियनच्या संग्रह-सर्व्हरवर ठेवलेली असतात, म्हणून तिथे ‘पॅकेज सापडले नाही’ असे उत्तर आले तर पॅकेजे कुठून आणायची हे सांगणाऱ्या स्रोतांच्या यादीतला पत्ता आधी बदलावा.

खाऱ्या हवेचे विधान अर्धवट खरे आहे. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात बंद पडून राहिलेल्या मशीनच्या पोर्टवर गंज चढतो, हे कोणी नाकारणार नाही. परंतु ते गृहीत न धरता तपासता येते. पेन ड्राइव्ह लावून लगेच टर्मिनलमध्ये ‘डीमेसग’ (dmesg) ही कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा द्यावी. नव्या उपकरणाची, त्याच्या क्षमतेची आणि ‘एसडीबी१’ अशा विभागाची नोंद दिसली तर पोर्ट आपले काम करत आहे आणि शोध पुढे न्यावा. उणे ७१ किंवा उणे ११० या क्रमांकाची त्रुटी पुन्हा पुन्हा दिसली, तर मात्र संपर्क, केबल किंवा वीजपुरवठा यांच्याकडे वळावे. ‘त्याच पोर्टवर माउस चालतो, म्हणजे पोर्ट ठीक’ हा उलट बाजूचा युक्तिवादही टिकत नाही, कारण साधा माउस सेकंदाला १.५ मेगाबिट इतक्या संथ वेगाने बोलतो आणि यूएसबी २.० चा पेन ड्राइव्ह ४८० मेगाबिटने बोलू पाहतो. गंजलेल्या संपर्कातून पहिले निभावते, दुसरे निभावेलच असे नाही. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या लांब वायरने जोडलेले असतात, म्हणून तीच चाचणी मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टवर करून पाहावी. गंज दिसलाच तर वीज पूर्ण बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. पॉलिशपेपर घासू नये.

लॅपटॉपच्या अंगच्या कार्ड-खाचेबाबत एक वेगळी शक्यता आहे. फार जुने रीडर २ जीबीपुढच्या एसडीएचसी कार्डांशी बोलूच शकत नाहीत, आणि लिनक्समध्ये काही बसवून ते बहुधा सुधारत नाही. स्वस्तातला यूएसबी कार्ड रीडर घेतला की प्रश्न सुटतो.

आता फॉरमॅटचा सल्ला, जो या संदेशातला सर्वांत घातक भाग आहे. ज्या कार्डावर दशावताराच्या रात्रीचे चित्रीकरण किंवा सातबाऱ्याच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत, ते एका मशीनला वाचता येत नाही एवढ्यावरून पुसून टाकण्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. फॉरमॅटनंतर ‘चालू झाले’ असे वाटते, कारण बहुतेक वेळा त्यात फॅट३२ ही मांडणी घातली जाते आणि ती मशीनला आधीपासून येतच असते. शिवाय फॅट३२ मध्ये ४ जीबीएवढी किंवा त्याहून मोठी एकच फाइल मावत नाही, त्यामुळे लांबलचक व्हिडिओ परत कार्डावर घेतानाच नवी तक्रार उभी राहते. डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या मांडणीची असेल आणि विंडोजमधून नीट बाहेर न काढताच उपटलेली असेल, तर लिनक्स ती उघडायला नकार देते किंवा फक्त वाचण्यापुरती उघडते. अशा वेळी ती पुन्हा विंडोजला जोडून, तपासून, रीतसर बाहेर काढणे पुरते.

‘७७७’च्या परवानगीबद्दल थोडक्यात : फॅट आणि एक्सफॅट या मांडण्यांत लिनक्सच्या परवानग्या साठवल्याच जात नाहीत, आणि पेन ड्राइव्ह माउंटच झालेला, म्हणजे फोल्डरसारखा जोडला गेलेला, नसेल तर ती आज्ञा फार तर एका रिकाम्या फोल्डरला लागू होते. हा सल्ला ज्यांच्याकडे ‘चालला’, त्यांच्याकडे दुसरेच काहीतरी बदललेले असणार. खरोखर तपासण्यासारखी जागा म्हणजे कोणती डिस्क कशी जोडायची हे सांगणारी ‘एफएसटॅब’ (fstab) ही फाइल आहे. डेबियनच्या काही जुन्या आवृत्त्या पेन ड्राइव्हवरून बसवल्या की त्या पेन ड्राइव्हची नोंद तिथे सीडी म्हणून राहून जाते, आणि पुढे त्याच नावाने येणारा प्रत्येक पेन ड्राइव्ह मशीन सीडीसारखा वाचू पाहते. फाइलची प्रत ठेवून त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाकले की ही अडचण मिटते.

राहता राहिले भंगार. ३२ बिट प्रोसेसरच्या मशीनवरही २०२३ सालचे डेबियन १२ बसते आणि त्यातल्या कर्नलला एक्सफॅट येते. डेबियन १३ पासून मात्र ३२ बिट संगणकासाठी इन्स्टॉलर मिळत नाही. जुनी प्रणाली काढून नवी बसवायची असेल, तर मशीनवरची कागदपत्रे आधी फॅट३२ च्या पेन ड्राइव्हवर उतरवून, तो दुसऱ्या संगणकावर उघडतो याची खात्री करून, मगच इन्स्टॉलर सुरू करावा.