मावशीचे ‘खडे’ आणि सफरचंदाचा रस

सकाळी सातला मावशीचा फोन. “अगं, पडले! चाळीस तरी असतील. हिरवेगार. आता ऑपरेशन कशाला?” मागोमाग फोटो आला. बघायची इच्छा नव्हती, पण बघितला.

हे सगळं ज्या मेसेजमुळे झालं तो तुमच्याकडेही आला असेलच. ‘सफरचंद : निसर्गाचा दवाखाना’, हजारो वर्षांची वनौषधी परंपरा, साइड इफेक्ट शून्य. पाच दिवस रोज चार ग्लास सफरचंदाचा रस प्यायचा, सहाव्या दिवशी उपाशी राहून एप्सम सॉल्ट घ्यायचं, रात्री ऑलिव्ह ऑइल आणि लिंबाचा रस एकत्र करून घशाखाली ढकलायचा. सकाळी पित्ताशयातले खडे बाहेर. त्याच्याखाली जोडीला कॅन्सर, मधुमेह, रक्तक्षय आणि जुलाब. एका फळावर किती ओझं टाकायचं ते!

आधी खडे. रसातलं मॅलिक आम्ल म्हणे खडे मऊ करतं. मॅलिक आम्ल आपल्या पेशी रात्रंदिवस स्वतःच बनवतात आणि वापरतात. प्यायलेल्या रसातलं आतड्यात शोषलं जातं आणि पुढे खर्ची पडतं. पित्ताशयात जाऊन लोणच्याच्या फोडींसारखे खडे भिजवत ते बसत नाही. एप्सम सॉल्ट हे जुलाबाचं औषध आहे, म्हणजे सकाळी काहीतरी पडणार याची सोय आधीच झालेली.

मग ते हिरवे गोळे कसले? याचं उत्तर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2005 सालीच छापून आलंय. चाळिशीतली एक बाई. वनौषधीवाल्याच्या सल्ल्याने तिने दिवसभर सफरचंदाचा आणि भाज्यांचा रस घेतला, मग काही तासांत 600 मिली ऑलिव्ह ऑइल आणि 300 मिली लिंबाचा रस. तिलाही हिरवे ‘खडे’ पडले. न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी ते तपासले, तर खऱ्या खड्यांत असतं त्यातलं काहीच नाही : कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन (पित्तातलं रंगद्रव्य) नाही, कॅल्शियम नाही. 40 अंश सेल्सियसला दहा मिनिटांत त्यांचं हिरवं तेलकट पाणी झालं. सुमारे 75 टक्के भाग मेदाम्लांचा. प्यायलेलं तेल पाचकरसांनी फुटलं, लिंबातल्या पोटॅशियमशी जुळलं आणि पोटातच साबणाच्या गोळ्या तयार झाल्या. बाईचे खरे खडे सोनोग्राफीत दिसत होते तसेच होते. शेवटी दुर्बिणीच्या ऑपरेशनने पित्ताशय काढावं लागलं.

म्हणजे पित्ताशय निरोगी असलेल्या माणसाने हा प्रयोग केला तरी त्यालाही ‘खडे’ पडतील. औषध गुणकारी असल्याचा पुरावा औषधच तयार करून देतं, असा धंदा दुसरा नसेल.

आणि साइड इफेक्ट शून्य? एवढं तेल पोटात गेलं की पित्ताशय जोरात आकुंचन पावतं. त्या धक्क्याने एखादा खरा खडा नळीत जाऊन अडकला तर कावीळ होऊ शकते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. त्यात जीवही जातो. मावशीने ऑपरेशनची ठरलेली तारीख रद्द केली ती या भरवशावर.

दुसरा मुद्दा मात्र थेट विषाचा. मेसेज म्हणतो, रोज मूठभर सफरचंदाच्या बिया चावून खा, त्यातलं ‘व्हिटॅमिन बी-17’ कॅन्सर मारतं. बी-17 नावाचं जीवनसत्त्वच नाही. ते बियांमधलं अ‍ॅमिग्डालिन नावाचं द्रव्य, बी चावली की त्यातून सायनाइड सुटतं. चुकून दोन-चार बिया गिळल्या तर घाबरायचं कारण नाही, पण मूठभर, तेही चावून आणि रोज? 1982 साली 178 कॅन्सर रुग्णांवर या अ‍ॅमिग्डालिनची चाचणी झाली. ठोस फायदा काहीच दिसला नाही; उलट काहींच्या रक्तातलं सायनाइड प्राणघातक पातळीच्या जवळ गेलं. हा मेसेज ज्याने लिहिला त्याने स्वतः किती बिया खाल्ल्या?

रक्तक्षय : कापलेली फोड तांबूस पडते म्हणून त्यात लोह. शंभर ग्रॅम सफरचंदात लोह असतं साधारण 0.1 मिलिग्रॅम. रंग बदलतो तो फळातल्या एन्झाइममुळे आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे. पुढे.

मधुमेह : गोळ्या बंद करा, रस प्या. इथे नाइलाजाने थोडं मान्य करते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 साली फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं, त्याने लघवीवाटे साखर बाहेर पडते हे 1886 पर्यंत कळलं होतं, आणि आजची डापाग्लिफ्लोझिनसारखी मधुमेहाची औषधं त्याच धाग्यावरून आली. पण साल झाडाची, फळाची नव्हे. शिवाय फ्लोरिझिन आतड्यातच बरंचसं फुटून जातं, म्हणून रेणू बदलून घ्यावा लागला. चार ग्लास रसात मात्र जवळजवळ शंभर ग्रॅम साखर असते आणि चोथा गाळून टाकलेला. गोळ्या बंद करून हे प्यायला सांगणाऱ्याला काय म्हणावं?

जुलाबात किसलेलं सफरचंद : हे खरं आहे, फळातल्या पेक्टिन या चिकट तंतूमुळे. जुनाच उपाय आहे. जलसंजीवनी त्याच्या आधी, एवढंच.

मावशीने ते ‘खडे’ बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवले होते, डॉक्टरांना दाखवायला. तिच्याशी वाद घातला नाही. म्हटलं, ती बाटली घट्ट बंद करून आंघोळीच्या पाण्याएवढ्या गरम पाण्यात जरा वेळ ठेव.

दुपारी फोन आला. “अगं, तेल झालं की त्याचं.” मग बराच वेळ काही बोलली नाही. “तारीख परत मिळेल ना गं?”