‘आरपीएम लाल रेषेवर ठेव, क्लच सोड, बाकी गाडी बघून घेईल’: नाही बघत

रील्सवर आणि बायकर मंडळींच्या ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतो. लिटरभराच्या वरची सुपरबाइक असेल तर ड्रॅगच्या (पाव मैलाच्या सरळ शर्यतीच्या) रेषेवर इंजिन लाल रेषेपर्यंत, म्हणजे मीटरवरच्या आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) कमाल खुणेपर्यंत, चढवायचं आणि क्लच एकदम सोडायचा. पुढचं चाक उठलं की लाँच, म्हणजे रेषेवरून सुटणं, जमलं. त्याआधी मागचा टायर धूर निघेपर्यंत जाळायचा, हवा १० पीएसआयवर आणायची. आणि हिरवा दिवा पडल्यावर निघायला उशीर झाला तर टाइम गेलाच.

ऐकायला झणझणीत आहे. पण एकेक मुद्दा घेऊन हिशेब मांडला की फारसं काही उरत नाही. नमुन्याला सुझुकीची २०२१ ची हायाबुसा घेऊ, कारण आपल्याकडे ड्रॅग म्हटलं की आधी तीच आठवते: १३४० सीसी, २६४ किलो, १५० न्यूटन-मीटर टॉर्क, तोही ७००० आरपीएमला.

‘लाल रेषेवर क्लच सोडा.’ पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचा टॉर्क मागच्या चाकापर्यंत जवळपास दहापट होऊन पोचतो. स्वार ७५ किलोचा धरला, तर घर्षणात जाणारा वाटा वजा करूनही गाडीला १ जी पेक्षा (गुरुत्वाकर्षणाच्या ओढीएवढ्या वेगवाढीपेक्षा) बरीच जास्त वेगवाढ देण्याइतकं बळ तिथे असतं. आता दुसरी बाजू बघा. दोन चाकांमधलं अंतर १४८० मिमी. स्वारासकट गुरुत्वमध्य साधारण मध्यावर आणि जमिनीपासून ६७० मिमी उंच धरला, तर सुमारे १.१ जी ला पुढचं चाक जमीन सोडतं. या मर्यादेत अश्वशक्ती कुठेच येत नाही. म्हणजे ताकद आधीच वापरता येईल त्यापेक्षा जास्त आहे, आणि क्लच एकदम सोडला की वेगाने फिरणाऱ्या क्रँकमध्ये साठलेला जोरही त्यात भर घालतो. मग एकतर मागचं चाक जागच्या जागी फिरतं, नाहीतर गाडी मागच्या चाकावर उभी राहते.

खरं काम डाव्या हाताचं आहे. इंजिन ६००० वर असताना क्लच पूर्ण जुळायला पहिल्या गिअरमध्ये गाडी ताशी ७० किमीच्या आसपास पोचलेली असावी लागते. त्याआधी जुळवला तर आरपीएम खाली ओढले जाणारच. १ जी ने निघालेल्या गाडीला त्या वेगापर्यंत यायला साधारण २० मीटर लागतात. ड्रॅगमधली पहिली मोजणी ६० फुटांवर होते, म्हणजे १८.३ मीटरवर. थोडक्यात, तो पहिला टप्पा जवळजवळ सगळाच अर्ध्या क्लचवर जातो! रेस (ॲक्सिलरेटर) स्थिर धरायची, क्लच बोटांखालून सरकू द्यायचा. पुढचं चाक हलकं वाटलं की सोडणं थांबवायचं, पुन्हा बसलं की पुढे सोडायचं. हायाबुसाच्या लाँच कंट्रोलला (निघताना आरपीएम आवरून धरणारी यंत्रणा) ४०००, ६००० आणि ८००० अशा तीन पायऱ्या आहेत, आणि नवख्याने ४००० पासूनच सुरुवात करावी. ते असलं तरी क्लच तुम्हालाच सोडावा लागतो, हे जाहिरातीत ठळकपणे सांगत नाहीत.

‘चाक उठलं म्हणजे लाँच जमलं.’ फोटो छान येतो, बाकी काही नाही. चाक वर गेलं की रेस कमी करावी लागते, आणि तिथेच वेळ जातो. चाक जमिनीला जेमतेम घासत राहणं हे चांगलं लाँच. म्हणून तर छाती टाकीवर, हनुवटी मीटरच्या जवळ आणि वजन पुढे. लांब स्विंगआर्म, पुढचं सस्पेन्शन पट्ट्याने खाली बांधणं, हे सगळं गुरुत्वमध्याची उंची आणि चाकांमधलं अंतर यांच्या त्याच गुणोत्तराशी झगडणं आहे.

‘टायर जाळा, हवा १० वर आणा.’ हे अमेरिकेतल्या व्हिडिओंतून आलेलं ज्ञान. तिथले स्लिक (बिननक्षीचे) टायर वेगळे, आणि पट्टीवर चिकट रसायन मारलेलं असतं. लोणावळ्याजवळची ॲम्बी व्हॅलीची पट्टी, जिथे आपल्याकडे ड्रॅगचे दिवस भरतात, ती मुळात विमानांची धावपट्टी. रस्त्याच्या रेडियल टायरला धूळ-खडे झटकण्यापुरतं फिरवणं पुरे. जास्त तापला की रबर तेलकट होऊन उलट घसरतो. स्लिकवाले पाण्यात चाक फिरवतात, पण नक्षीच्या टायरने त्या पाण्याला वळसाच घालावा. खाचांमध्ये पाणी राहतं आणि ते थेट सुरुवातीच्या रेषेवर येतं. मागच्या टायरमधली हवा काही प्रमाणात कमी करण्यात तथ्य आहे, मान्य. पण पाव मैलाच्या टोकाला ही गाडी ताशी २३० किमीच्या पुढे असते. त्या वेगाला १० पीएसआयवरचा टायर डुलायला लागला तर करायचं काय? पुढच्या टायरच्या हवेला तर हातच लावू नये.

‘उशिरा निघालात तर टाइम गेला.’ हा गैरसमज सगळ्यात सहज खोडता येतो, तरी सगळ्यात चिवट. घड्याळ दिव्यावर सुरू होत नाही. पुढचं चाक रेषेवरचा किरण सोडतं तेव्हा होतं. प्रतिक्रियेचा वेळ वेगळा छापून येतो. उलट, दुसरा स्टेज दिवा (चाक रेषेवर आल्याचं दाखवणारा) जेमतेम लागेल इतकंच पुढे गेलात, तर घड्याळ सुरू व्हायच्या आधी काही इंच फुकट धावायला मिळतात. ज्याला स्वतःचा टाइमच काढायचा आहे त्याने हिरवा पडल्यावर निवांत, क्लचवर लक्ष ठेवून निघावं. समोरासमोरच्या शर्यतीत मात्र प्रतिक्रिया मोजली जाते, आणि तिथे घाई केलीत तर लाल दिवा लागतो. मग पाव मैल कितीही झकास कापला तरी फेरी गेली.