सह्यांपुरती समिती नको

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल आलेल्या लेखात तिचं काम 'शाळेला लागेल ती मदत करणे' असं एका ओळीत उरकलंय, ते पटलं नाही. शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 21 वाचा. शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि आलेलं अनुदान कसं खर्च होतं ते पाहणं, हे स्पष्ट लिहिलंय. तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. (विनाअनुदानित खाजगी शाळांना हे कलम लागू नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

मी आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत पालक सदस्य होतो. पहिलं वर्ष शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा, मी चहा पाजून सही करायचो. झाली बैठक! एकदा सहज मागची पानं चाळली तर 'शौचालय दुरुस्ती' असा खर्च मंजूर, खाली माझीच सही. आणि माझी मुलगी तर रोज सांगायची, मुलींच्या बाथरूमला कडी नाही.

पुढच्या बैठकीला मी कॅशबुक आणि पावत्या मागितल्या. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात, त्यांना राग आला, पण दाखवावं लागलं. त्या दिवशी सर्वात जास्त प्रश्न विचारले ते एरवी गप्प बसणाऱ्या दोन आयांनी. पोषण आहाराचा तांदूळ किती आला, शिजला किती, सगळं. कडी आठवड्यात बसली. शिपाई मात्र त्यानंतर आमच्याकडे चहाला आला नाही.