शाखा खुंटली म्हणे!

आज सकाळी चुलतभावाने घराण्याच्या स्मरणिकेचा मसुदा ग्रुपवर टाकला आणि माझं डोकं फिरलं. वंशावळीत आजोबांचे धाकटे भाऊ, आमचे भाऊआजोबाच नाहीत! फोन केला तर म्हणतो, "अगं, ते अविवाहित होते ना, त्यांची शाखा तिथेच खुंटली. डिझायनरला झाड सुटसुटीत हवंय."

सुटसुटीत!

वर मथळा काय, तर 'एकट्याने शून्यातून उभारलेलं साम्राज्य'. पुढे आजोबांची तुलना थेट लक्ष्मणराव किर्लोस्करांशी. बरं, करा तुलना. पण मग ती गोष्ट पुरती तरी सांगा. मुंबईत मास्तरकी करताना बढती डावलली गेली म्हणून लक्ष्मणराव नोकरी सोडून बेळगावला आले, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याआधी ते मुंबईहून सायकली पाठवायचे तेव्हा बेळगावात त्या विकायचं आणि गिऱ्हाइकांना चालवायला शिकवायचं कोण? थोरले भाऊ रामूअण्णा. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडलजवळचा माळ दिला, वर कर्जही दिलं. 1910 साली त्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, तिची आखणी, बांधकाम पुन्हा रामूअण्णांकडेच. हिशेबाला मंगेशराव रेगे. राखणीला तर शिक्षा भोगून आलेली माणसं! अहो, कंपनीचं नावच 'किर्लोस्कर ब्रदर्स' आहे. ब्रदर्स. अनेकवचन आहे ते.

आमच्या वर्कशॉपात लेथवर आजोबा आणि वसुलीला भाऊआजोबा. वर्षानुवर्षं एसटीने गावोगाव. एकच खाकी कोट. त्यांची खतावणी मी लहानपणी पाहिली आहे, लाल कापडी बांधणीची. तिच्यात प्रत्येक प्रवासाचं तिकीट भाताच्या शितांनी चिकटवलेलं असायचं. झुरळांनी कडा कुरतडलेल्या, पण एक तिकीट गहाळ नाही. मी विचारलं होतं, एवढं कशाला? म्हणाले, "दादाला हिशेब द्यायला नको का?" दादाने तो कधी मागितला नव्हता.

आता लक्ष्मणरावांची जिद्द मोठीच होती, ते मान्य. लोखंडी नांगराने जमीन नासते म्हणून शेतकरी दोन वर्षं त्यांनी बनवलेल्या नांगराला हात लावेनात, तरी माणूस मागे हटला नाही. आमचे आजोबाही हाडाचे कारागीर होते. नाही म्हणत नाही मी.

पण वर्कशॉपला पन्नास वर्षं झाली तेव्हाचा फोटो आठवतो. मधोमध आजोबा, हारतुरे, पाहुणे. भाऊआजोबा फोटोत नाहीत, कारण ते मांडववाल्याचे पैसे चुकते करायला गेले होते. परत आले तर पंगत उठलेली. उरलेला मसालेभात खाल्ला आणि म्हणाले, छान झाला कार्यक्रम. मला हे लिहितानाही भरून येतंय, आणि त्या गाढवाला झाड सुटसुटीत हवंय!

(हो, गाढवच. वाचतोयस ना? वाच.)

तसं त्या झाडात आत्याही नाहीत, आजीच्या नावापुढे माहेर नाही, आणि मी तर लग्न झाल्याबरोबर गळालेच. त्यावर वेगळं भांडेन.

दुपारी माळ्यावर चढून खतावणी काढली. तिकिटांची चार पानं स्कॅन करून डिझायनरला परस्पर पाठवली आहेत, आजोबांच्या पानासमोर लावा म्हणून. भावाचे तीन मिस्ड कॉल येऊन गेलेत.