धूर नाई म्हणून छाती सेफ?

आमच्याकडं खर्रा (तंबाखू-सुपारी-चुन्याचं घोटलेलं मिश्रण) खाणाऱ्याले काही म्हटलं की उत्तर ठरलेलं, 'व्हायचा असंन कॅन्सर तं होईन, सिगारेट तं नाई ना पेत बाप्पा!' म्हणजे धूर नाई तं छातीले, म्हणजे हृदयाले, काई होत नाई, जे काय होईन ते तोंडाले. मले हा हिशोबच चुकीचा वाटते म्हणून लिहून राहलो.

पानठेल्यावर तंबाखू-सुपारीत चुना टाकून पन्नीत घोटून देतात ना, तो चुना नुसता चवीपुरता नसते. त्याच्यानं निकोटीन मोकळं होते अन् गालाच्या आतल्या कातडीतून सरळ रक्तात जाते. मग अॅड्रेनालिन वाढते, नाडी फास्ट, बीपी वर, नसा आकसतात. बिडीचं निकोटीन झटक्यात चढते अन् उतरते, खर्रा गालात दाबून ठेवला तं तितका वेळ ते रक्तात जातच राहते अन् थुकल्यावरही लगेच उतरत नाई. आता मे महिन्यात गडचिरोली-चंद्रपूरकडं पारा ४५ च्या आसपास, माणूस सकाळपासून तेंदूपत्ता तोडून राहला, अंगातलं पाणी आटलेलं, हृदय आधीच जोरात पळून राहलं, अन् वरून हे.

२००६ मध्ये इंटरहार्ट नावाचा ५२ देशांतला अभ्यास छापून आला, त्यात तंबाखू चघळणाऱ्यांत हार्ट अटॅकचा धोका न खाणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाला.

अन् 'खर्रा टाकला की डोकं चालते' हे तं अर्ध्या गावाचं म्हणणं. अबे, रोज खाऊन मेंदूले निकोटीनची सवय लागते, काही घंटे नाई भेटलं की चिडचिड, कामात लक्ष नाई, मग खर्रा टाकला की बरं वाटते, कारण त्यानंच लावलेली तलब भागली! सुपारीतलं अरेकोलिन बी मेंदूवर काम करते, ते वेगळंच.

गुटखाबंदी २०१२ ची, तंबाखूच्या पुडीवर इशाऱ्याचा फोटो बी असते, पण खर्र्याच्या साध्या पन्नीवर कायचा फोटो? गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ हे दारू-तंबाखूविरोधी अभियान चालू आहे, कित्येक गावांनी विक्री बंद केली, बाकी जिल्ह्यांनी काऊन नाई करावं?

सोडायचा असंन तं १८००-११-२३५६ वर फोन करा, फुकट आहे. अन् छातीत दाबल्यासारखं झालं तं गॅस म्हणून सोडा पिऊन झोपू नका, दवाखान्यात जा. तिथं डॉक्टर 'बिडी-सिगारेट?' विचारतात, आपण खुशाल 'नाई' म्हणतो. त्यांनी नाई विचारलं तरी खर्रा खातो म्हणून सांगा, दिवसाचे किती तेही.