गाईडच्या पुरस्काराचा अर्ज कोणी भरायचा?

सप्टेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने विज्ञान खात्यांना आपापले पुरस्कार छाटायला सांगितलं. वर्षभराने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आला, त्याचे चार प्रकार: विज्ञान रत्न, विज्ञान श्री, ४५ वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांसाठी विज्ञान युवा आणि गटासाठी विज्ञान टीम. शास्त्रज्ञ घडवणाऱ्यांसाठी यात वेगळा प्रकार नाही. पूर्वी निदान डॉ. बी. सी. रॉय पुरस्कारात नामवंत वैद्यकीय शिक्षकांचा एक वर्ग असायचा.

तेव्हापासून वैद्यकीय वर्तुळात एक वाद अधूनमधून निघतो: गाईडला, म्हणजे विद्यार्थ्याच्या थिसिसच्या मार्गदर्शकाला, पुरस्कार असावा का? एक बाजू म्हणते, पुरस्कार आधीच उदंड झाले, आणि गुरूला प्रशस्तिपत्र कशाला, गुरुपौर्णिमेला विद्यार्थी पाया पडतात तेवढं पुरे. दुसरी म्हणते, प्रत्येक मेडिकल कॉलेजात ‘उत्कृष्ट गाईड’ नेमा आणि किती थिसिस झाले, किती पेपर छापले ते मोजा. अमेरिकेतल्या वैद्यकीय संशोधनाच्या व्यवस्थेत राहून पाहिलं तर दोन्ही बाजूंचा एक प्रश्न राहून गेलेला दिसतो: गाईड चांगला होता हे सांगायचं कोणी?

आपल्याकडे ‘गाईड’ हे प्रशासकीय पद झालं आहे. विभागाला एमडी-एमएसच्या किती जागा मिळणार, हे गाईड व्हायला पात्र शिक्षक किती आणि खाटा किती यावर ठरतं. म्हणजे गाईड लागतो तो आधी जागांसाठी. रेसिडेंटला, म्हणजे एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरला, तो निवडता येतोच असं नाही, वाटप होतं. पहिल्याच वर्षी सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मग त्याला मंजुरी देणारी एथिक्स कमिटी, अंतिम परीक्षेच्या सहा महिने आधी थिसिस जमा. मधल्या काळात ड्युट्या. त्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२च्या नियमांत शिक्षकांच्या बढतीसाठी अट घातली की पेपर मोजायचा तर शिक्षकाचं नाव पहिल्या तिघांत हवं, नाहीतर तो पत्रव्यवहाराचा लेखक (कॉरस्पाँडिंग ऑथर) हवा. हेतू बरा होता, खालच्या नावांची खोगीरभरती थांबावी हा. पण परिणाम कुठे झाला ते पाहा. तीन वर्षं रात्री जागून रेसिडेंटने नमुने गोळा केले, आणि पेपर जाताना पहिल्या तीन जागांवर तीन शिक्षकांचा हक्क, कारण तिघांचीही बढती अडलेली. अशा ठिकाणी पेपर मोजून पुरस्कार दिला तर तो नेमका ज्याने विद्यार्थ्याची जागा घेतली त्याला मिळण्याची भीती आहे.

इथली, अमेरिकेतली, व्यवस्था या बाबतीत निराळी आहे, पण गैरसमज नको: इथेही चांगुलपणावर काही चालत नाही. फरक वेळेच्या हिशेबात आहे. राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, म्हणजे एनआयएचची, ‘के २३’ नावाची मदत रुग्णांवर संशोधन करू पाहणाऱ्या तरुण डॉक्टरला मिळते. तिच्यात त्याचा ७५ टक्के कामाचा वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो, आणि अर्जात मार्गदर्शकाचं सविस्तर निवेदन लागतं: आधी कोणाला घडवलं, ते आज कुठे आहेत, या उमेदवाराला काय शिकवणार. मात्र या पैशांतून मार्गदर्शकाला पगार घेता येत नाही. म्हणून ‘के २४’ आहे. मध्यकारकीर्दीतल्या डॉक्टर-संशोधकाला ती २५ ते ५० टक्के वेळ मोकळा करून देते, स्वतःच्या संशोधनासाठी आणि नवोदितांना मार्गदर्शन करण्यासाठी. ओपीडी, परीक्षा, बायोमेट्रिक हजेरी यांत अडकलेल्या आपल्या सहयोगी प्राध्यापकाला कोणी असा पाव आठवडा दिला, तर त्याचं मोल कुठल्याही शालीपेक्षा जास्त. हे आधी म्हणायला हवं, कारण पुरस्कार नेहमी स्वस्त पडतो आणि वेळ महाग.

तरीही पुरस्कार हवा असं मला ठामपणे वाटतं. चांगला गाईड कसा असतो याचं चित्र नव्या शिक्षकांसमोर यायला दुसरी वाट नाही. प्रश्न उरतो तो बांधणीचा.

सगळ्यात जपून बांधलेला नमुना ‘नेचर’ नियतकालिकाने २००५मध्ये सुरू केलेल्या मार्गदर्शन पुरस्कारांचा. दर वर्षी एक देश किंवा प्रदेश, आणि वर्ग दोन, मध्यकारकीर्द आणि जीवनगौरव. साक्ष देतात मार्गदर्शकाच्या हाताखाली वेगवेगळ्या काळात शिकलेले पाच जण, आणि स्वतंत्रपणे. वेगवेगळ्या काळात ही अट फार मोलाची. पहिल्या तुकडीशी प्रेमाने वागणारा शिक्षक विभागप्रमुख झाल्यावर बदलला असेल, तर ते पाचव्या पत्रात दिसतं. हार्वर्ड मेडिकल स्कूलमध्ये तरुण मार्गदर्शकांसाठी वेगळा पुरस्कार आहे, तोही योग्य. नाहीतर हा मान निवृत्तीच्या समारंभातला हार होऊन बसतो आणि चाळिशीतली शिक्षिका, जी आज सहा रेसिडेंटांचे मसुदे तपासते आहे, तिच्यापर्यंत पोचतच नाही.

अशा पुरस्कारांत चुकतं ते सांगायलाच हवं. पाच जण कोण, हे बहुतेक ठिकाणी मार्गदर्शक किंवा त्याचे निकटवर्ती ठरवतात. जो मध्येच सोडून गेला त्याला कोणी विचारत नाही. मोठ्या प्रयोगशाळेत माणसं जास्त, म्हणून पत्रंही जास्त. आणि आपल्या मुलांना हे नीट माहीत आहे: जे-१ किंवा एच-१बी व्हिसावर आलेल्या पोस्टडॉकचं, म्हणजे पीएचडीनंतर प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचं, इथलं राहणंच त्या नोकरीला बांधलेलं असतं. तो आज काम करत असलेल्या बॉसबद्दल जे पत्र लिहील त्याला पुरावा म्हणता येत नाही. थिसिसवर गाईडची सही बाकी असलेल्या आपल्या रेसिडेंटचंही तेच. म्हणून पहिला नियम असा हवा की सध्याच्या विद्यार्थ्याचं पत्र चालणार नाही, संस्था सोडून किमान दोन वर्षं झालेली हवीत.

दुसरा नियम इथल्याच एका रटाळ कागदावरून घेता येईल. एनआयएचचं संस्थात्मक प्रशिक्षण अनुदान, ‘टी ३२’, नव्याने मागायचं तर आधीच्या प्रशिक्षणार्थींचं पुढे काय झालं याचा तक्ता द्यावा लागतो. यशस्वी तेवढेच दाखवून भागत नाही, सोडून गेलेलेही त्यात येतात. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, नाशिकला, कोणाचा थिसिस कोणत्या गाईडकडे झाला याची नोंद असणारच. तेव्हा नामांकनासोबत मागच्या दहा वर्षांतल्या सगळ्या विद्यार्थ्यांची यादी विद्यापीठाने स्वतः काढावी. तीन पत्रं नामांकन करणाऱ्यांकडून यावीत आणि यादीतली दोन नावं समितीने चिठ्ठी टाकून निवडून फोन करावा. पत्रं डीनच्या कार्यालयातून येऊ नयेत, थेट समितीकडे यावीत. विभागप्रमुखाच्या टेबलावरून गेलेल्या पत्रात खरं कोणी लिहीत नाही.

आणि पत्रात विचारायचं काय? ‘सर फार प्रेमळ होते’ याने काही कळत नाही. मसुदा दिल्यापासून किती दिवसांत शेरे आले? एथिक्स कमिटीने त्रुटी काढल्या तेव्हा दुरुस्ती कोणी समजावली? नमुन्यांची संख्या आधी ठरली होती की आकडे हाती आल्यावर? निष्कर्ष अपेक्षेविरुद्ध निघाला तेव्हा सर काय म्हणाले? पेपरवर पहिलं नाव कोणाचं होतं आणि हे केव्हा ठरलं? बाळंतपण किंवा आजारपण आलं तेव्हा वेळापत्रक कोणी बदललं? यातल्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी आधी वाचेन. उलट निकाल आल्यावर ‘बघ पुन्हा मोजून’ म्हणणारा आणि ‘छापूया, हेही कळायला हवं’ म्हणणारा, यांच्यात अख्ख्या संशोधनाचा फरक आहे.

मोजमापच हवं असेल तर तेही आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मंडळींच्या पुढाकाराने तयार झालेली २६ प्रश्नांची पत्रिका संवाद, अपेक्षांची जुळणी, समज तपासणं, विविधतेची दखल, स्वावलंबन आणि व्यावसायिक वाढ या सहा अंगांवर गुण देते. ती गाईडने आणि विद्यार्थ्याने दोघांनी भरायची असते. दोघांच्या गुणांत जिथे तफावत पडते तिथे बोलायला विषय मिळतो. मार्गदर्शन शिकवताही येतं. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका यादृच्छिक चाचणीत (गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेल्या) १६ संस्थांमधल्या मार्गदर्शक-विद्यार्थ्यांच्या २८३ जोड्या होत्या. आठ तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या मार्गदर्शकांनी स्वतःला दिलेले गुण इतरांपेक्षा जास्त वाढले. स्वतःच दिलेले गुण आहेत हे लक्षात ठेवावं, पण आठ तास म्हणजे एक शनिवार. आपल्याकडे शिक्षकांना संशोधन पद्धतीचा मूलभूत कोर्स करावाच लागतो, त्यात सांख्यिकी असते. विद्यार्थ्याशी कसं वागावं याचाही एक दिवस त्याला जोडता येईल.

गुरुशिष्य परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी मुंबईतलाच एक दाखला घ्यावा. विकृतिशास्त्रज्ञ डॉ. व्ही. आर. खानोलकर भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक. त्यांच्या हाताखाली कमल रणदिवे यांनी १९४९मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळवली. खानोलकरांनी त्यांना आपल्याच प्रयोगशाळेत अडकवून ठेवलं नाही, अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे ऊतिसंवर्धन, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र, शिकायला जायला उत्तेजन दिलं. परत येऊन रणदिवे यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, आणि १९७३मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन करणाऱ्यांत त्या पुढे होत्या. शिष्याला दुसऱ्या गुरूकडे पाठवण्याचं हे काम पेपरांच्या मोजणीत कुठेच येत नाही.

एक गोष्ट राहिली. अंबाजोगाई किंवा मिरजेच्या शिक्षकाची तुलना मुंबईच्या मोठ्या कॉलेजाशी करू नये. जिथे सांख्यिकीतज्ज्ञ नाही, एथिक्स कमिटीची बैठक महिनोन्‌महिने लांबते, तिथे एक नीट केलेला थिसिस उभा करणं वेगळंच काम आहे, त्यासाठी स्वतंत्र गट हवा. पैसे गाईडला द्यावेत, पण निम्मे त्याच्या पुढच्या दोन विद्यार्थ्यांच्या परिषदेच्या प्रवासासाठी राखून ठेवावेत. आणि पहिल्या वर्षी समितीला एकही नाव पटलं नाही, तर पुरस्कार कोणालाही देऊ नये. फक्त पत्रातले ते प्रश्न प्रत्येक कॉलेजच्या फलकावर लावावेत, रेसिडेंटांच्या क्वार्टर्सजवळच्या.